चौकटीच्या कडेला

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी एका जुन्या भिंगाविषयी बोलणार आहे. मी कवितेचा माणूस. मराठी घेऊन बी. ए. झालो, प्रकाशाचे वक्रीभवन शाळेच्या पाठ्यपुस्तकातच राहून गेले. तरीही गेली काही वर्षे माझ्या टेबलावर वहीशेजारी एक रशियन लेन्स असते. ती तिथे कशी आली हे सांगायचे, तर 1988 सालच्या एका लग्नापासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही तेव्हा माकुणसारला भाड्याच्या घरात राहत होतो. पश्चिम रेल्वेने सफाळे सोडले की पुढचे स्टेशन केळवे रोड. त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, समुद्राच्या अंगाला हे गाव. भातशेती, वाड्या, खाजण आणि खाडीवरून येणारा खारा वारा. स्टेशनाजवळ अब्बांचे शिलाईचे छोटे दुकान होते. त्या वर्षी माझ्या आपाचे लग्न झाले. फोटोग्राफर बोलवायची ऐपत नव्हती, म्हणून माझ्या शाळेतल्या एका सरांनी त्यांचा झेनिट कॅमेरा मला वापरायला दिला. सोबत एक कृष्णधवल रोल. छत्तीस फोटो, एकही वाया घालवायचा नाही, अशी ताकीद.

निकाह झाला, जेवणे झाली आणि ओटीवर सगळ्यांचा एक फोटो काढायचे ठरले. वऱ्हाडी, शेजारची वाडवळ मंडळी, अब्बांची जुनी गिऱ्हाइके, पोरेटोरे. सगळे मावावेत म्हणून मी अंगणात मागे मागे सरकत गेलो. शेवटी पाठ विहिरीच्या कठड्याला टेकली. आता मागे जायला जागा नव्हती. कॅमेऱ्यातून पाहिले, तर दोन्ही कडांची माणसे बाहेरच. ‘आत सरा, आत सरा’ असे ओरडून जेवढी कोंबता आली तेवढी कोंबली आणि बटण दाबले.

फोटो चांगला आला. पोस्टकार्ड आकाराची एक प्रत आपाच्या सासरी गेली, एक आमच्या भिंतीवर लागली. त्यात अम्मी नव्हती. ‘कामात होते मी,’ एवढेच ती म्हणाली. 1994 साली ती गेली. तिचा एकटीचा एक फोटो आहे, कुठल्याशा सरकारी कागदासाठी काढलेला. पण आपल्या माणसांत उभी असलेली अम्मी एकाही फोटोत नाही.

अब्बांच्या पश्चात घर आवरताना त्या रोलच्या निगेटिव्ह सापडल्या. ट्यूबलाइटसमोर धरून एकेक पाहू लागलो. ओटीच्या फोटोत डाव्या कडेला, अगदी शेवटच्या दोन मिलिमीटरांत, एक हात होता. मनगटात बांगड्या आणि हातात सरबताच्या पेल्यांचा ट्रे. निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होते. तरीही तो हात मी ओळखला.

मग हा हात भिंतीवरच्या फोटोत का नव्हता? शोध घेता घेता कळले, की त्याला तीन कात्र्या लागल्या होत्या. पहिली कात्री कॅमेऱ्याच्या खिडकीची. झेनिट-ई या कॅमेऱ्यात फिल्मवर 24 बाय 36 मिलिमीटरचे चित्र उमटते. पण डोळा लावतो त्या खिडकीतून त्यातला 20 बाय 28 एवढाच भाग दिसतो. म्हणजे चित्राचा सुमारे तिसरा हिस्सा फोटो काढणाऱ्याला दिसतच नाही. अम्मीचा हात त्या न दिसणाऱ्या पट्टीत होता. दुसरी कात्री प्रत काढतानाची. कागदावर मावावे म्हणून कडा जातात. आणि तिसरी, सगळ्यांत मोठी कात्री लेन्सची. झेनिटबरोबर येणारी लेन्स 58 मिलिमीटरची. तिचा दृष्टिकोन, मी भूमितीतला कोन म्हणतो आहे, जेमतेम 40 अंशांचा. विहिरीच्या कठड्याला पाठ लावून 40 अंशांत आमची ओटी मावणार नव्हती.

इथून मला या विषयाचा नाद लागला. अधिक रुंद पाहणारी लेन्स, जिला आपण वाइड अँगल म्हणतो, ती कुणी, कधी आणि कशासाठी केली?

छायाचित्रणाची कला 1839 साली जगासमोर आली. मुंबईने ती लवकर उचलली. 1854 मध्ये इथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींपैकी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे आपल्याकडे ही विद्या फक्त साहेबाच्या हातात राहिली नाही, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

याच काळात विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज छायाचित्रकार मुंबईत होता. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातिजमातींच्या फोटोंचे त्याचे दोन खंड 1863 आणि 1866 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ते फोटो पाहताना डोळ्याला काहीतरी खुपत राहते. माणसे नीट उभी आहेत, पोशाख स्वच्छ दिसतात, मागे एखादी इमारत किंवा देखावाही आहे. पण माणसांचे पाय त्या जमिनीवर टेकलेले वाटत नाहीत. कारण उघड आहे. माणसांचा फोटो वेगळा काढलेला, जागेचा वेगळा, आणि नंतर दोन्ही एकत्र जोडलेले. माणूस आणि त्याची जागा एकाच वेळी, एकाच चौकटीत आलेली नाहीत.

हे दोन्ही एकत्र आणायचे, तर जवळ उभे राहून रुंद पाहायला हवे. त्यासाठी युरोपात नाना खटपटी झाल्या. 1859 साली थॉमस सटन या इंग्रजाने काचेचा पोकळ गोल करून त्यात चक्क पाणी भरले आणि त्यातून सुमारे 120 अंशांचे दृश्य टिपले. पण ते सपाट काचेवर नीट उमटेना, म्हणून फोटोची काचही नळीच्या कौलासारखी वाकवावी लागली. ती लेन्स फार चालली नाही. पण पाण्यातून जग रुंद दिसते हे ओळखणाऱ्या त्या माणसाला सलाम करावासा वाटतो.

दुसरी खटपट मला याहून प्रिय आहे. 1900 साली बर्लिनच्या गोर्ट्झ कंपनीने हायपरगॉन नावाची लेन्स काढली. दोन पातळ, वाटीसारखी भिंगे समोरासमोर बसवलेली. दृश्य तब्बल 135 अंशांचे. अडचण एकच होती. इतक्या रुंद चित्रात मध्यभागी भरपूर उजेड पडतो आणि कडेला फार कमी. म्हणून लेन्सच्या पुढे एक चांदणीच्या आकाराचा छोटा पंखा बसवला. रबरी फुग्याने हवा सोडली की तो गरगर फिरायचा आणि मधला उजेड अडवून धरायचा. तेवढ्या वेळात कडांना त्यांचा वाटा मिळायचा. मग पंखा बाजूला करून उरलेला फोटो पुरा करायचा. कडेच्या माणसाला उजेड मिळावा म्हणून मध्यावरच्या माणसाने थोडा वेळ थांबायचे, असा त्या यंत्राचा कायदा! कवितेत मी अशी कल्पना केली असती, तर समीक्षकांनी ती ओढूनताणून आणलेली ठरवली असती.

पुढे छोटे, हातात धरायचे कॅमेरे आले आणि नवा पेच पडला. झेनिटसारख्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असतो. त्याच्यामुळेच जे लेन्सला दिसते तेच आपल्याला दिसते. फोटो काढताना तो आरसा वर उचलला जातो, आणि त्याला हलायला जागा लागते. त्यामुळे लेन्स फिल्मपासून साधारण 45 मिलिमीटर दूर बसवावी लागते. पण रुंद पाहणारी लेन्स म्हणजे आखूड अंतराची लेन्स. 35 किंवा 37 मिलिमीटरच्या साध्या लेन्सला फिल्मच्या तेवढ्याच जवळ जावे लागते. तिथे तर आरसा उभा! यातून वाट काढली ती प्येर आंझेन्यू या फ्रेंच माणसाने, 1950 साली. त्याने लेन्सच्या पुढच्या टोकाला उजेड फाकवणारे एक मोठे भिंग लावले. त्यामुळे लेन्स दूर बसूनही जवळ बसल्यासारखी वागू लागली. या रचनेला त्याने रेट्रोफोकस हे नाव दिले. पाठोपाठ पूर्व जर्मनीत येना इथल्या कारखान्यातून फ्लेक्टोगॉन आली आणि तिच्याच वळणाची एक लेन्स सोव्हिएत रशियात तयार झाली. 37 मिलिमीटर, 60 अंश. तिचे नाव मीर-1.

1958 साली ब्रुसेल्सला जागतिक प्रदर्शन भरले. ती प्रचंड अॅटोमियम नावाची वास्तू त्याच प्रदर्शनातली. तिथे मीर-1ला ग्रँड प्रिक्स मिळाले, आणि पुढे त्या लेन्सच्या कड्यावर या बक्षिसाचा उल्लेख कोरला जाऊ लागला. रशियन भाषेत ‘मीर’ म्हणजे शांती आणि ‘मीर’ म्हणजेच जग. माझ्यासारख्याच्या कानाला मात्र आधी मीर तकी मीर ऐकू येतो. अठराव्या शतकातला दिल्लीचा आणि लखनौचा तो दुःखी शायर आणि रशियातली ही काच यांचा काही संबंध नाही. पण लेन्स विकत घेताना माणूस फक्त हिशेबाने वागतो असे थोडेच आहे?

आमच्या तरुणपणी भारतात परदेशी कॅमेरे आणणे सोपे नव्हते. आयातीवर कडक निर्बंध होते. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा मध्यमवर्गाचा कॅमेरा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म हा आपला रोल. त्यातल्या त्यात रशियन आणि पूर्व जर्मन माल दृष्टीस पडायचा. लोकवाङ्मय गृहातली स्वस्त रशियन पुस्तके वाचणाऱ्या आमच्या सरांच्या हाती झेनिट असणे हे त्या काळाला धरूनच होते. निवृत्तीनंतर सरांनी तो कॅमेरा मला देऊन टाकला. आता त्याला जोड हवी होती मीरची.

ती सापडली मुंबईत, चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर. शुक्रवारी पहाटे तिथे रस्त्यावर बाजार मांडला जातो. आदल्या रात्री नातलगांकडे मुक्काम करून मी बॅटरी घेऊन पोचलो. ग्रामोफोनचे कर्णे, घड्याळांचे सांगाडे, पितळी नळ, आणि त्यांत एका फडक्यावर ती पडली होती. कड्यावर ब्रुसेल्सचे कोरीव काम. क्रमांकाचे पहिले दोन आकडे 72. सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकात ते बहुधा निर्मितीचे साल सांगतात. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. विक्रेत्याने 3500 सांगितले. मी लेन्स बॅटरीसमोर धरली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली, आणि फोकसचे कडे गंजलेल्या कुलपासारखे घट्ट. ‘हिच्यात तर जंगल आहे,’ मी म्हणालो. ‘जंगलाचे पैसे नाही लावले,’ तो म्हणाला. 2200ला सौदा झाला. जुम्म्याची नमाज उरकून मी गाडी पकडली.

बुरशी हा आपल्या किनाऱ्याचा जुना रोग. पुस्तकांना, चपलांना, लोणच्याला लागते तशी ती काचेलाही लागते. हवेत दमटपणा राहिला, की काचेवरच्या धुळीवर, तेलकटपणावर तिचे कण रुजतात, धागे पसरतात आणि त्यांच्यातून झिरपणारे आम्ल काच कुरतडते. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात लढणाऱ्या फौजांच्या दुर्बिणी या बुरशीने आंधळ्या केल्या. तेव्हा ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना या कामाला जुंपावे लागले. ज्या शत्रूने सैन्ये हैराण केली, तो आमच्या माकुणसारच्या पावसाळ्यात दर घरी मुक्कामाला असतो.

फोर्टातल्या एका वयस्क कारागिराला लेन्स दाखवली. तो म्हणाला, ‘दुरुस्तीला लेन्सपेक्षा जास्त लागतील. तुम्हीच खोला. फक्त खोलण्याआधी प्रत्येक जोडावर खूण करा.’ खुणेसाठी अब्बांचा शिलाईचा खडू होताच. रबरी बूच दाबून पुढची कडी फिरवली, ती निघाली. पेरॉक्साइड आणि अमोनिया समभाग घेऊन, खिडकी उघडी ठेवून, मऊ कागदाने भिंगे पुसली. बुरशीचे धागे गेले. एका भिंगाच्या कडेला मात्र तिने कुरतडलेली पुसट नक्षी राहिली. ती आता कायमची.

इथे एक चूक होता होता टळली. फोकसचे कडे मोकळे करायला मी अब्बांच्या मशीनचे तेल घेतले होते. घरात जे असते तेच हाताला येते. कारागिराने फोनवरच झापले. पातळ तेल वाहत वाहत आतल्या पाकळ्यांवर जाते. त्या पाकळ्या लहानमोठ्या होऊन उजेड कमीजास्त करतात. त्यांवर तेल चढले की लेन्स गेलीच. आटे पेट्रोलने धुऊन त्यांना दाट ग्रीसच लावावे लागते. चाळीस वर्षे ज्या तेलाने आमचे घर चालवले, ते इथे निकामी होते.

दुसरी चूक मात्र झालीच. फोकसच्या आट्यांना एक नव्हे, अनेक सुरुवाती असतात. चुकीच्या जागी चढवले तरी कडे सुरळीत फिरते. फक्त दूरचे काही स्पष्ट दिसत नाही. माझी खडूची खूण पेट्रोलने धुऊन गेली होती! मग कॅमेऱ्याच्या मागे फिल्मच्या जागी बटरपेपर ताणून लावला, पडदा उघडा धरला आणि सफाळ्याच्या बाजूला असलेल्या तांदुळवाडीच्या डोंगराकडे लेन्स रोखली. डोंगर धूसर. पुन्हा खोलले, पुन्हा चढवले. तिसऱ्या खेपेला बटरपेपरवर तांदुळवाडीचा डोंगर उलटा, पण धारदार उतरला. साठ अंशांत डोंगर, शेते, विजेच्या तारा आणि बांधावरून जाणारी एक म्हातारी, सगळेच होते.

कडेला राहिलेल्या त्या पुसट नक्षीची मला काळजी वाटत होती. मग एक गोष्ट वाचनात आली. 1890च्या दशकात हॅरल्ड डेनिस टेलर या इंग्रज भिंगकाराच्या लक्षात आले, की हवेने डागाळलेली काही जुनी भिंगे नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात. काचेवर चढलेला तो पातळ थर उजेडाचे परावर्तन कमी करतो. या निरीक्षणातूनच काचेवर मुद्दाम लेप चढवण्याची कल्पना पुढे आली, आणि 1935 साली त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. बुरशीचा डाग म्हणजे तो लेप नव्हे, हे मला कळते. पण जुने झाल्याने काही काचा अधिक उजेड देतात, हे वाचून पन्नाशीतल्या माणसाला बरे वाटतेच.

लेन्स तयार झाली आणि मी माकुणसारच्या त्या घरी गेलो. घरमालकांची पुढची पिढी आता तिथे राहते. ओटी तशीच आहे, विहिरीवर जाळी आली आहे. परवानगी घेऊन कठड्याला पाठ लावली, मीर लावलेला झेनिट डोळ्याला लावला. ओटी पूर्ण आली. दोन्ही खांब, दार, आणि डावीकडे स्वयंपाकघराकडे जाणारी ती चिंचोळी जागा, जिथे अम्मी ट्रे घेऊन उभी होती. जागा आली. मी एकच फोटो काढला. रोल आज पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही, पण काटकसर हे त्याचे कारण नव्हते.

परतताना आपाला फोन केला. सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘तुझी लेन्स अरुंद होती म्हणून अम्मी बाहेर राहिली, असे तुला वाटते? अरे, तू कॅमेरा उचललास तशी ती स्वतःच बाजूला सरली. मी पाहिलेय.’

याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आमच्या घरात तसबीर काढून घेणे बरे नव्हे असे मानणारी वडीलधारी माणसे होती. आजोबांचा एकमेव फोटो हजला जायचे म्हणून काढलेला. पण हा संकोच एकट्या मुसलमानांचा नव्हता. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी बडोद्याला फोटोचा धंदा करत होते. कॅमेरा माणसाचा प्राण शोषून घेतो अशी अफवा पसरली आणि तो धंदा बसला. आणि धर्म कुठलाही असो, लग्नघरात फोटोच्या वेळी ट्रे हातात असलेली बाई कडेलाच उभी असते. ती कडेला का असते, याचा जाब लेन्सला विचारून भागत नाही. काचेने रुंद व्हायला शंभर वर्षे घेतली. आपण अजून मागे सरकतो आहोत आणि पाठ कशाला तरी टेकली की ‘आत सरा’ म्हणतो आहोत.

श्रोतेहो, आमच्या या किनाऱ्यावर फोटोत न आलेले पुष्कळ आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे जागेवरून उठली. वाढवणच्या बंदराची पायाभरणी 2024 साली झाली. बुलेट ट्रेनचा मार्ग याच जिल्ह्यातून जातो. उद्या कुठली ओटी, कुठली विहीर, कुठली वाडी जागेवर असेल, कोणी सांगावे? आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये मीरपेक्षाही रुंद पाहणारी लेन्स आहे. पण तिचे तोंड आपण बहुतेक वेळा आपल्याच चेहऱ्याकडे फिरवलेले असते.

म्हणून एवढेच सांगतो. पुढच्या लग्नात, उरुसात, जत्रेत सगळ्यांचा फोटो काढाल, तेव्हा बटण दाबण्यापूर्वी एकदा कडेला पाहा. हातात ट्रे घेऊन कोणी उभे असेल, तर तो ट्रे आधी खाली ठेवायला सांगा. ती नको म्हणेल. क्षणभर थांबा आणि पुन्हा विचारा. मी 1988 साली एकदाही विचारले नव्हते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)